तराजूसाहेबांची हलकी खुर्ची

तराजूसाहेबांना हे नाव कुणी दिलं ते आता सांगता येणार नाही. पण वजनमापं खात्यात सव्वीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाला याहून वाईट नावं पडू शकतात, आणि बाजारात ती पडलेलीही होती, तेव्हा साहेबांनी याच नावावर समाधान मानलं. त्यांच्या खिशात कायम एक स्प्रिंगचा काटा असायचा. लोक खिशात रुमाल ठेवतात, पेन ठेवतात. साहेब काटा ठेवत. घरात आलेली साखर, बटाटे, इस्त्रीचे कपडे, एवढंच काय, पाहुण्यांनी आणलेला खाऊचा पुडासुद्धा पाहुणे निघून गेले की काट्याला लटकायचा. त्यांची बायको शाळेत भूगोल शिकवायची. ती म्हणायची, "लग्नात माझं वजन केलं नाहीत, हेच माझं नशीब." त्यावर साहेब गप्प बसायचे, कारण अंदाज त्यांनी तेव्हाही केला होता.

इथे खात्याची एक गोष्ट सांगून ठेवायला हवी, नाहीतर पुढचं सगळं माणसाच्या मूर्खपणाच्या खाती पडेल आणि तो अन्याय होईल. खात्याचं नाव वजनमापं असलं तरी ऑफिसात या दोन गोष्टींची टेबलं वेगळी होती. वजनाच्या टेबलावर साहेब, आणि मापाच्या टेबलावर एक बुटके, शांत गृहस्थ, ज्यांना सगळे मापवाले म्हणत. पंख्याखाली कुणाचं टेबल असावं यावरून अकरा वर्षांपूर्वी दोघांचं बिनसलं होतं. तेव्हापासून साहेबांनी लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही गोष्टींत लक्ष घालणंच सोडलं होतं. ते शेजारच्या टेबलाचं काम.

तर एके दिवशी सकाळी आईने चहाचा कप बशीत ठेवला आणि म्हणाली, "मला चाकांची खुर्ची आण. हलकी बघ."

साहेबांच्या घशात बिस्किट अडकलं. आई एक्क्याऐंशी वर्षांची. सात महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून कुणाचा तरी हात धरून चार पावलं टाकायची, पलंगावरून खिडकीपर्यंत. सात महिने घरातला प्रत्येक माणूस तिला व्हीलचेअर घ्यायला सांगून थकला होता. 'एकदा खुर्चीत बसले की उठायची नाही मी,' हे तिचं ठरलेलं उत्तर. आणि आज आपण होऊन खुर्ची?

"समोरची चालली," आई म्हणाली.

समोरची म्हणजे रस्त्यापलीकडच्या इमारतीत राहणारी तिची जुनी भागीदार. दोघींनी मिळून चाळीस वर्षं शिवणाचं दुकान चालवलं. आई बेतायची आणि कापायची, समोरची शिवायची. तीन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं, तेव्हा सामानाची वाटणी झाली आणि एका मोठ्या कात्रीवरून दोघींचं जे वाजलं, ते वाजलंच. त्या दिवसापासून आईच्या तोंडून तिचं नाव गेलं. राहिली ती नुसती 'समोरची'. दोघी रोज आपापल्या खिडकीत बसायच्या आणि एकमेकींच्या डोक्यावरून आभाळाकडे बघायच्या. आता समोरची मुलीकडे राहायला जाणार होती, दोन दिवसांच्या प्रवासावर, कायमची. तीन आठवड्यांनी येणाऱ्या रविवारी सामानाचा ट्रक यायचा होता. ही बातमी कामवाल्या बाईंनी आणली होती.

"कात्री तिची होती रे," आई म्हणाली. "मला माहीत होतं. तरी मी दिली नाही."

"एवढंच ना? मी आत्ता नेऊन देतो."

"तू कोण? भांडण तू केलंस का?"

"मग त्यांनाच इकडे बोलावतो."

"चूक माझी, आणि रस्ता तिनं ओलांडायचा? तिचे गुडघे कसे आहेत माहितेय ना? मी जाणार. माझी मी. खुर्ची आण."

साहेबांनी कागद घेतला, त्यावर रेघा मारल्या आणि तक्त्याच्या डोक्यावर 'वजन' असं लिहिलं.

"रुंदीचंही बघ हं," आई म्हणाली. दुकान बंद होऊन तीन वर्षं झाली तरी तिच्या गळ्यातली टेप उतरली नव्हती. चष्म्यासारखी ती सकाळी टेप घालायची.

"आई, रुंदी नंतर. मुख्य गोष्ट वजन. उचलायची मला आहे."

आई टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

व्हीलचेअर घ्यायची आहे ही बातमी संध्याकाळपर्यंत इमारतीत पसरली, आणि सल्ल्यांना तोंड फुटलं. खालच्या मजल्यावर एक निवृत्त विमा एजंट राहायचे. ते घरी आले आणि तास दीड तास बसले. त्यांच्या मते बॅटरीचीच खुर्ची घ्यायला हवी होती. त्यांच्या साडूने घेतली होती. साडू त्यावर बसून भाजी आणायला जायचा.

"आता कसे आहेत ते?" बायकोने विचारलं.

"आता चालतात. बॅटरी एकदा वाटेत उतरली, ढकलत आणली घरी. त्याच दिवसापासून पाय सुटले."

साहेबांनी बॅटरीच्या खुर्चीचं वजन विचारलं. अडतीस किलो. साहेबांनी तक्त्यात फुली मारली. हलकी म्हणजे किती हलकी, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. दहा किलोच्या आत. ग्रॅमभरही वर नाही.

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या दुकानात गेले. दुकानदाराने त्यांना लांबूनच ओळखलं. पूर्वी त्याचा किराण्याचा धंदा होता आणि त्या काळात साहेबांनी त्याची तीन वजनं जप्त केली होती. त्याने अर्धं शटर ओढलं आणि आतून सांगितलं, "साहेब, आता मी वजनावर काही विकत नाही हो." साहेबांनी परोपरीने सांगितलं की आपण गिऱ्हाईक म्हणून आलो आहोत. दुकानदाराने शटर उरलेलं अर्धंही ओढून घेतलं. साहेब फुटपाथवर उभे राहिले. सव्वीस वर्षांच्या प्रामाणिक नोकरीचं हे फळ, असं त्यांच्या मनात आलं आणि वाईटही वाटलं.

दुसऱ्या दुकानात मालक नवा होता, ओळख नव्हती. त्याने हसत हसत एक चकचकीत खुर्ची पुढे केली. "ही घ्या. नऊ किलो. एका हातानं उचला."

साहेबांनी एका हाताने उचलली आणि दुसऱ्या हाताने खिशातला काटा काढला. खुर्ची काट्याला लटकली. काटा बारा किलो चारशेवर जाऊन थांबला.

"हे नऊ आहेत?"

"नऊच आहेत साहेब. कंपनीच्या कागदावर लिहिलंय. नऊ म्हणजे चाकं काढून."

"चाकं काढल्यावर तिला नुसती खुर्ची म्हणतात," साहेब म्हणाले. "तशा माझ्या घरी सहा आहेत."

"पाय ठेवायच्या पट्ट्याही त्यात धरत नाहीत. आणि गादी."

"म्हणजे माणसानं पाय आणि बूड घरी ठेवून यायचं?"

मालकाला राग आला. पण त्याची खरी चूक ही होती की त्याने साहेबांना तिथेच बाहेर काढलं नाही. साहेबांनी त्या दुकानातल्या सगळ्या अकरा खुर्च्या काट्याला लावल्या. मधे दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. एकीने कुबड्यांचा जोडही काट्याला लावून घेतला आणि कागदावर लिहिल्यापेक्षा जड निघाला म्हणून परत ठेवला.

असे अठरा दिवस गेले. दुकानं सात झाली. तक्त्याची चार पानं भरली. रोज संध्याकाळी साहेब घरी आले की आई खिडकीतून मागे वळून बघायची आणि तिच्या डोळ्यांत एकच प्रश्न असायचा. समोरच्या घरात खोकी दिसायला लागली होती. पडदे उतरले होते. बायको एकदा म्हणाली, "अहो, ती बाई जाईल निघून आणि तुमचा तक्ता तेवढा पूर्ण होईल." साहेबांना ते लागलं. पण नापास खुर्चीवर सही कशी करायची? सवय लागलेली.

अठराव्या दिवशी, सातव्या दुकानात, ती सापडली. निळी, घडीची, ॲल्युमिनियमची. साहेबांनी ती चाकांसकट, पट्ट्यांसकट, गादीसकट लटकवली. नऊ किलो एकशे ऐंशी. त्यांनी काटा तपासून पुन्हा लटकवली. नऊ किलो एकशे ऐंशी. साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी दुकानदाराचा हात हातात घेतला. दुकानदार म्हातारा आणि सज्जन होता.

"पेशंटच्या कमरेचं माप काय?" त्याने विचारलं.

"वजन सांगतो. बेचाळीस किलो सहाशे."

"वजन नको साहेब. ही खुर्ची अठरा इंची सीटची आहे. आजी एवढ्या बारीक असतील तर सोळाची बरी. चार दिवसांत मागवून देतो."

"पण मी वजन केलं ते हिचं. दुसरी येईल तिची खात्री कुणी द्यायची?"

"सोळाची तर आणखी हलकी असते हो."

साहेबांना वाटलं, म्हातारा आता माल खपवण्यासाठी काहीही बोलायला लागला. शिवाय चार दिवसांनी रविवार उलटून गेला असता. ते स्वतः खुर्चीत बसले. साहेब चौऱ्याण्णव किलोंचे. व्यवस्थित मावले. खुर्चीत चौऱ्याण्णव किलोंचा माणूस व्यवस्थित मावला ही धोक्याची सूचना होती, पण ती लांबीरुंदीच्या प्रांतातली असल्यामुळे त्यांना ऐकू आली नाही. कुणी बदलून दुसरी पाठवू नये म्हणून त्यांनी खुर्चीच्या पाठीला कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर तारखेसह सही केली, जशी ते तपासलेल्या वजनांवर करत.

शुक्रवारी संध्याकाळी खुर्ची घडी घातलेल्या अवस्थेत लिफ्टमधून तिसऱ्या मजल्यावर आली. साहेबांनी घरी पुन्हा वजन केलं. बरोबर. मग रंगीत तालीम ठरली: आईला खुर्चीत बसवायचं, लिफ्टने खाली न्यायचं, फाटकापर्यंत एक फेरी मारून परत. साहेबांनी लिफ्टच्या आतल्या पितळी पाटीवरचा आकडा आधीच पाठ केला होता. चार माणसं, दोनशे बहात्तर किलो. आई, खुर्ची, स्वतः आणि बायको मिळून दोनशे सहा भरत होते. बायकोचे किलो त्यांनी अंदाजाने धरले होते आणि तो आकडा हाताखाली झाकून ठेवला होता.

खुर्ची घराच्या दारातून ऐटीत बाहेर पडली. लिफ्टची जाळी सरकवली. आणि खुर्ची लिफ्टच्या दारात येऊन थांबली.

"अजून जरा जोर लावा," विमावाले म्हणाले. ते कुठून उगवले ते कळलं नाही. त्यांच्या पाठोपाठ जिन्यावर आणखी सात-आठ माणसं जमली.

"तिरकी घाला."

"उलटी घाला. गाडी गल्लीत उलटीच घालतात."

"आजी, जरा श्वास आत ओढून धरा."

"मी श्वास ओढून खुर्ची बारीक होणार आहे का?" आई म्हणाली.

साहेबांनी खुर्ची तिरकी घातली. एक चाक आत गेलं. मग सगळ्यांनी मिळून जोर लावला आणि दुसऱ्या चाकाची हाताने फिरवायची कडी जाळीच्या कडेत अशी काही जाऊन बसली की खुर्ची आत जाईना आणि बाहेरही येईना. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकली. खालून लोक घंटा वाजवायला लागले. चौथ्या मजल्यावरच्या संगीत शिकवणाऱ्या बाई क्लास सोडून खाली आल्या, मागून त्यांचे विद्यार्थीही आले.

आईने शांतपणे गळ्यातली टेप काढली. एक टोक लिफ्टच्या चौकटीवर धरलं, दुसरं पलीकडे नेलं. "चोवीस." मग बसल्या बसल्या वाकून एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत. "साडेपंचवीस." तिने टेप पुन्हा गळ्यात टाकली. "मी रुंदीचं म्हटलं होतं."

वजनमापं खात्याचा निरीक्षक, स्वतःच्या घरी, दीड इंचाने पकडला गेला होता.

लिफ्टवाला दीड तासाने आला. तोपर्यंत आई अर्धी लिफ्टमध्ये आणि अर्धी जिन्यावर बसून राहिली. तिला उचलून घरात नेऊ म्हटलं तर तयार होईना. सात महिन्यांत तिला इतकी माणसं भेटली नव्हती. संगीतबाईंच्या ब्लाउजच्या खांद्याची उसवलेली शिवण तिने तिथल्या तिथे दुरुस्त करायला सांगितली, विमावाल्यांच्या साडूची हकिकत पहिल्यापासून ऐकली आणि एका विद्यार्थिनीला कमरेची चुणी कशी घालायची ते समजावलं. तिचा चेहरा उजळला होता. तेवढ्यापुरता साहेबांचा अपमान वाया गेला नाही म्हणायचा.

पण सोसायटीचे सेक्रेटरी खाली अडकले होते. वर येताना त्यांना तीन मजले चढावे लागले आणि दर मजल्याला त्यांच्या डोक्यात एक एक नियम तयार झाला. अर्ध्या तासात फलकावर सूचना लागली: चाकं असलेली कोणतीही वस्तू लिफ्टमधून नेण्यास मनाई.

शनिवारी सकाळी साहेब सेक्रेटरींच्या घरी गेले. खुर्ची खालीच ठेवावी लागणार होती, तर निदान जिन्याखाली ठेवू द्या, एवढी विनंती होती.

"जिन्याखाली वाहन लावता येत नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"ते वाहन नाही. खुर्ची आहे."

"चाकं किती?"

"चार."

"मग चारचाकी." सेक्रेटरींनी कपाटातून फॉर्म काढला. "वाहनतळात जागा मिळेल. सत्तावीस नंबर रिकामा आहे. हा भरा."

साहेबांनी आयुष्यभर लोकांना फॉर्म भरायला लावले होते. 'नियम म्हणजे नियम' हे वाक्य त्यांनी शेकडो दुकानदारांना ऐकवलं होतं. ते फॉर्म घेऊन घरी आले. वाहनाचा प्रकार: चारचाकी. रंग: निळा. इंधन: इथे साहेब थांबले. बायकोने डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "मुलगा लिहा." साहेबांनी 'मुलगा' लिहिलं. हॉर्न आहे काय? "मी आहे की," आई पलंगावरून म्हणाली. संध्याकाळी सेक्रेटरींनी फॉर्मवर शिक्का मारून सत्तावीस नंबरचा गोल स्टिकर दिला. आईने तो दोनदा हातात घेऊन पाहिला. आयुष्यात कधी सायकलसुद्धा नसलेल्या बाईला गाडी लावायची जागा मिळाली होती.

तेवढ्यात मापवाल्यांचा फोन आला. बातमी ऑफिसपर्यंत कशी पोचली ते देव जाणे. "साहेब, माझ्याकडे टेप मागायची होतीत," ते हळू आवाजात म्हणाले. "सरकारी आहे, पण दिली असती." साहेबांनी आभार मानून फोन ठेवला.

"पण आई, तुला खाली कसं न्यायचं?" ते शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. "तीन मजले मी तुला उचलून नेतो. बेचाळीसच तर आहेस."

"मला पोत्यासारखी नेऊन तिच्यापुढे टाकणार का? मी माफी मागायला चालले आहे." आईने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "ते स्टूल घे."

कोपऱ्यात तिचं मशीनचं स्टूल होतं. चाळीस वर्षं ती त्यावर बसली होती. तेरा इंच रुंद. लिफ्टमध्ये स्टूल ठेवायचं, चार पावलं टाकून तिने त्यावर बसायचं, खाली उतरून चार पावलांवर सत्तावीस नंबर. तिने हे शुक्रवारी लिफ्टच्या दारातच ठरवलं होतं. सगळे सल्ले देत होते, म्हणून ती मधे बोलली नाही इतकंच.

रविवारी सकाळी आठ वाजता लिफ्ट खाली आली. जाळी सरकली. आत आई स्टुलावर ताठ बसलेली, केस विंचरलेले, गळ्यात टेप, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत कात्री. सेक्रेटरी खाली उभेच होते. त्यांनी स्टुलाचे पाय नीट निरखले. चाकं नव्हती. त्यांना बाजूला व्हावं लागलं.

खुर्ची खरंच हलकी होती, याचं श्रेय साहेबांना द्यायलाच हवं. बायकोने आपली पर्स, पाण्याची बाटली आणि छत्री मागच्या मुठींना अडकवली, आणि रस्त्याच्या मधोमध साहेबांनी घाम पुसायला हात सोडला, तशी खुर्चीची पुढची चाकं उचलली गेली. आईचे पाय आभाळाकडे. एक टेम्पो थांबला. साहेबांनी झडप घालून खुर्ची सावरली. "ओझं मागे लावायचं नाही," आई टेम्पोवाल्याला म्हणाली, जसं काही त्यानेच लावलं होतं. मग फुटपाथ, मग फाटक. समोर ट्रक उभा होता. हमाल खोकी चढवत होते. साहेब आईला घेऊन इमारतीच्या दारापर्यंत आले आणि थबकले.

दारापुढे पाच पायऱ्या होत्या.

तीन आठवडे साहेब हे दार रोज खिडकीतून बघत होते. त्यांनी खुर्ची तोलली, आईने लिफ्ट मोजली, पायऱ्या मात्र कुणीच मोजल्या नव्हत्या. साहेबांनी आईकडे पाहिलं. आई वरच्या पायरीकडे बघत होती. तिथे समोरची उभी होती. पदर खोचलेला, हातात सुतळीचा गुंडा. तीन वर्षांत दोघी पहिल्यांदा एकमेकींकडे सरळ बघत होत्या. आत्ता समोरची दार लावून आत गेली तर संपलं, हे आईच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

समोरचीने खुर्चीकडे पाहिलं. मग आईकडे. मग पुन्हा खुर्चीकडे.

"दोन्ही बाजूंनी दोन दोन इंच मोकळं आहे," ती म्हणाली. "कलंडशील एखाद्या दिवशी. कुणी घेतली ही?"

"पोरानं," आई म्हणाली. "वजन करून घेतली. आणि दोन नाही, दीड दीड आहे."

"दोन आहे."

"दीड आहे गं. टेप आहे माझ्याकडे."

"मग थांब, मीच मोजते. तुझं मोजमाप नेहमी आखूड असतं." समोरचीने कठडा धरला आणि पायरी उतरली. गुडघा कुरकुरला, तशी तीही कुरकुरली. एक. दोन. तिसऱ्या पायरीवर दम घेतला. साहेब धावले, तर "तू लांब रहा" म्हणाली. पाचवी पायरी उतरून तिने आईच्या गळ्यातली टेप हक्काने ओढून घेतली. साहेबांना एक टोक धरायला लावलं. साहेबांनी धरलं. आयुष्यात त्यांनी टेप धरली नव्हती, आणि तीही दोन बायांसमोर वाकून.

"पावणेदोन," समोरची म्हणाली.

दोघीही चुकल्या होत्या, पाव पाव इंचाने. आधी आईला हसू आलं. मग समोरचीला. सुतळीचा गुंडा तिच्या हातातून घरंगळत ट्रकखाली गेला.

"दोन पट्ट्या लावू आत. भरीव. जुनं पांघरूण आहे ट्रकच्या फळीवर, त्यातलं कापड येईल," समोरची म्हणाली. कामाचं बोलायला लागल्यावर तिचा आवाज मोकळा झाला होता. "सुईदोरा माझ्या पदराला टोचलेलाच असतो. पण कात्री? माझ्या सगळ्या खोक्यात गेल्या, आणि खोकं ट्रकमध्ये सगळ्यात आत."

आईने पिशवीत हात घातला. मोठी काळी कात्री बाहेर आली.

"तुझीच आहे," ती म्हणाली. "मला तेव्हाही माहीत होतं. माझं चुकलं."

समोरचीने कात्री हातात घेतली. पाती उघडून बोटाने धार पाहिली. "धार लावत होतीस?"

"दर महिन्याला."

"मग तूच काप." तिने कात्री परत आईच्या मांडीवर ठेवली. "मी नुसती विकत आणली होती. हात तुझा होता. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं."

आई रडली. साहेबांनी तिला खुब्याचं हाड मोडलं तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. त्यांना आपले डोळे कुठे लपवावेत ते कळेना, म्हणून ते ट्रकखाली शिरून सुतळी शोधू लागले.

एक तास ट्रक थांबला. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला, दोनदा समोरचीने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तिसऱ्यांदा त्याची छाती झाली नाही. आई खुर्चीतून उठून हमालांनी उतरवलेल्या खोक्यावर बसली आणि मांडीवर कापड घेऊन न आखता कापत राहिली. समोरची सगळ्यात खालच्या पायरीवर बसून शिवत राहिली. दोघींचं बोलणं थांबत नव्हतं. दोन पट्ट्या तयार झाल्या, आत घट्ट बसल्या. आई पुन्हा खुर्चीत बसली. आता ती अगदी बेतून शिवल्यासारखी बसली होती. निघताना आईने कात्री समोरचीच्या पिशवीत टाकली आणि तिला हाक मारली, तिच्या नावाने. तीन वर्षांनी.

ट्रक वळणावरून दिसेनासा झाला तेव्हा साहेब खुर्ची हळूहळू ढकलत परत निघाले. यावेळी मुठींना काही अडकवलेलं नव्हतं. पाण्याची बाटली बायकोने हातात घेतली होती आणि ती मुद्दाम दहा पावलं पुढे चालत होती.

"पट्ट्यांचं वजन वाढलं असेल ना रे?" आई म्हणाली. "तुझ्या तक्त्यात बसेल का आता?"

साहेबांनी खिशात हात घातला. काटा हाताला लागला. तो त्यांनी तिथेच राहू दिला.

"बरोबर भरली, आई," ते म्हणाले आणि त्यांनी खुर्ची सत्तावीस नंबरात लावली.